घाबरलेत, झोपू द्या

परवा धाकट्या नातवाने सहज विचारलं, "आजोबा, तुमचे अण्णा दंगलीत गेले का हो?" घरात कुणीतरी अर्धवट काहीतरी बोललं असणार, ते त्याच्या कानावर पडलं असणार. मी पटकन "नाही रे, झोपेत गेले" असं सांगून मोकळा झालो. तो खेळायला निघून गेला. मी मात्र त्या उत्तरापाशी दिवसभर अडून बसलो. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला आणि स्वतःच्या घरातल्या एका तारखेचं उत्तर धड देता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवात अण्णांपासून करत नाही. तिथपर्यंत यायला मला थोडं लांबून यावं लागतं.

२७ नोव्हेंबर २००८ ची सकाळ. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता. भिवंडीत घरोघरी टीव्ही चालूच होते, कुणी झोपलंच नव्हतं म्हणा ना. सीएसटीवर जिथे लोक मेले तिथे आमच्या गावातलं कुणी ना कुणी रोज उतरतं. भिवंडीला मुंबईची थेट लोकल नाही. एसटी नाहीतर शेअर रिक्षाने ठाण्याला किंवा कल्याणला जायचं आणि तिथून गाडी पकडायची. पण मुंबईत काही झालं की पहिला फोन भिवंडीतही वाजतो.

सकाळी सात-साडेसातला शेजारचे नाना दारात. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "मास्तर, छातीत धडधडतंय, हात थरथरतोय, श्वास पुरत नाही." मी चपला घातल्या, त्यांना रिक्षात घातलं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बघतो तर दवाखाना उघडण्याआधीच सात-आठ माणसं बाकावर बसलेली. कुणाला चक्कर, कुणाचा रक्तदाब वाढलेला, एका बाईंना रात्रभर उलट्या. त्यांचा मुलगा मुंबईत रात्रपाळीला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. (तो सुखरूप होता. दुपारी घरी आला.)

डॉक्टरांनी नानांचा कार्डिओग्राम काढला. सगळं ठीक निघालं. "भीतीने झालंय," ते म्हणाले, "टीव्ही बंद करा आणि जेवा." नाना ओशाळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "उगाच तुम्हाला त्रास दिला, सकाळी सकाळी." मी म्हणालो, "नाना, तुम्ही उगाच आलात हे मला आवडलं." त्यांना माझं बोलणं विचित्र वाटलं असेल. तेव्हा मी काही खुलासा केला नाही.

भीती आणि हृदयविकार ही दोन माणसं बाहेरून अगदी जुळ्या भावांसारखी दिसतात. माणूस घाबरला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळतं, नाडी धावते, घाम फुटतो, छाती आवळते, श्वास अपुरा पडतो. हृदयाला रक्त कमी पडू लागलं तरी यातलीच बरीचशी लक्षणं दिसतात. कधी कधी तर एक भाऊ दुसऱ्याचा हात धरून येतो, म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या हृदयाला भीतीचा धक्का सोसत नाही. घरातल्या माणसाला यातला कोण दारात उभा आहे हे ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नुसतं तोंड बघून सांगता येत नाही, यंत्र लावावं लागतं.

हे काही फक्त आमच्या आळीत घडत नाही. जगात जिथे जिथे असे हल्ले झाले तिथल्या डॉक्टरांनी याची नोंद ठेवली आहे. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धात इराकने इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं टाकली. त्या काळात त्या हल्ल्यांपायी इस्पितळांत आलेल्या हजारभर लोकांचा हिशेब तिथल्या वैद्यकीय खात्याने मांडला. त्यात प्रत्यक्ष क्षेपणास्त्राने जखमी झालेले जेमतेम पाव होते. बाकीच्यांत भीतीने गळाठलेले होते, बंद खोलीकडे पळताना पडून हातपाय मोडलेले होते. विषारी वायूवरचा उतारा म्हणून सरकारने वाटलेलं अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन वायू नसतानाच टोचून घेतलेलेही पुष्कळ होते. मुखवटा नीट लावता न आल्यामुळे गुदमरून काही माणसं चक्क मेली. वायू आलाच नव्हता.

चार वर्षांनी, २० मार्च १९९५ ला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सरिन नावाचा विषारी वायू सोडला. डझनाहून अधिक माणसं गेली, पण इस्पितळांत गेलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या वर होता. सेंट ल्यूक्स नावाच्या एकाच इस्पितळात पहिल्या दिवशी सहाशेच्या वर लोक आले. त्यातल्या बहुतेकांना सौम्य त्रास होता आणि बरेच जण आपल्या पायांनी किंवा मिळेल त्या गाडीने आले होते. यात एक मेख आहे. ज्याला चालता येतं तो आधी पोहोचतो आणि खाटा भरून जातात. जो निपचित पडलाय तो मागाहून येतो. म्हणून मोठ्या इस्पितळांत अशा वेळी दारातच रंगांच्या चिठ्ठ्या लावून रुग्ण वेगळे करतात. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालता-बोलता. काळी चिठ्ठी कुणाची ते सांगायला नको.

तर भीतीने दवाखान्याकडे धाव घेणाऱ्यांची ही अशी गर्दी. ती डोळ्यांना दिसते, तिची नोंद होते, तिच्यावर अभ्यास होतात. कधी कधी तिची थट्टाही होते.

पण भीती दुसरंही एक काम करते. ज्याने जायला हवं त्याला ती घरातच बसवते. या माणसांची नोंद कुठे होणार? जो दवाखान्यात आलाच नाही त्याचा केस पेपर कुठून निघणार? ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमानाचा धसका घेतला आणि लांबचे प्रवासही मोटारीने करायला सुरुवात केली. गिगरेंझर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नंतर हिशेब केला. पुढच्या वर्षभरात तिथल्या रस्त्यांवर नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. ती माणसं अतिरेक्यांनी मारलेल्यांच्या कुठल्याही यादीत नाहीत. त्यांच्या नावापुढे "रस्ता अपघात" एवढंच लिहिलेलं असणार.

मी हे वाचलं तेव्हा अमेरिकेचा विचार केला नाही. मला अण्णा आठवले.

आता भिवंडीकडे येतो. आमच्या गावाला अतिरेक्यांच्या बाँबची ओळख व्हायच्या आधी दंगलीची ओळख झाली होती. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं. पण रात्री दार लावून आत बसलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो तो एकच असतो. बाहेर कोण आहे, कधी येईल, कुणावर येईल हे माहीत नसणं, हेच दोन्हीकडचं मूळ. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या दंगलीची बारकाईने चौकशी केली, एकेका मृत्यूची नोंद घेतली. एकट्या भिवंडीत ७८ माणसं मेली. त्यात आमच्या घरातलं कुणी नव्हतं. पण तेव्हापासून आमच्या आळीत एक सवय लागली ती कायमची. बाहेर गलका ऐकू आला की आधी खिडकी बंद व्हायची, मग दार, मग दिवा.

१९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. या वेळी आग भिवंडीपुरती राहिली नाही. ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत गेली आणि सगळी मिळून पावणेतीनशेच्या आसपास माणसं मेली. लष्कर बोलवावं लागलं. शाळेला सुटी होती. मी चौतिशीचा, दोन मुलांचा बाप. अण्णा बासष्टचे. मंडईजवळ आमचं छोटं किराणा दुकान होतं, ते तीन दिवस बंद. अण्णा उघडेबंब झोपाळ्यावर बसून राहायचे. दुकान शाबूत आहे की जळलं, हे सांगायला कुणी नव्हतं.

संचारबंदीची तिसरी रात्र. दीडच्या सुमारास आईने मला हलवून उठवलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. बनियन घामाने चिंब. मे महिन्यातला उकाडा, वीज गेलेली, त्यामुळे घामाचं कुणाला नवल वाटलं नाही. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. डावा हात सारखा चोळत होते. आई म्हणाली, "घाबरलेत रे. तीन दिवस धड जेवले नाहीत. दुकानाचा घोर घेतलाय. लिंबूपाणी दे आणि झोपू दे त्यांना."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायला हवंच होतं. कारण ते पटलं नाही तर दार उघडावं लागलं असतं.

इस्पितळ आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी दारापाशी गेलो, कडीवर हात ठेवला. बाहेर इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. दूर कुठेतरी कुत्री भुंकत होती. गल्लीच्या तोंडाशी जवान उभे होते, हे संध्याकाळी खिडकीतून दिसलं होतं. आजारी माणसाला संचारबंदीत सोडतात हे मला माहीत होतं. मी शिकलेला माणूस, मास्तर. पण अंधारात आपण दिसल्याबरोबर जवान आधी विचारील की आधी बंदूक रोखील? आणि त्यांच्या पुढच्या वळणावर कोण असेल? टेलिफोन आळीत एकाच घरी होता, तोही बंद. मी कडीवरचा हात काढला आणि लिंबूपाणी केलं.

अण्णांनी दोन घोट घेतले. मला म्हणाले, "तू झोप. मला आता बरं वाटतंय." बाप मुलाला असंच सांगतो, हे मला आता कळतं. पहाटे पाचला आई पुन्हा उठवायला आली तेव्हा सगळं संपलं होतं. सकाळी संचारबंदी थोडी सैल झाल्यावर पास घेऊन डॉक्टर आले. त्यांनी हृदयविकार सांगितला. दाखल्यावर तेच लिहिलं. नैसर्गिक मृत्यू.

त्या काळात हृदयविकारावरचे उपचार आजच्यासारखे नव्हते. वेळेवर नेलं असतं तरी वाचले असतेच असं कुणी सांगू शकत नाही. कितीतरी लोकांनी मला हे सांगून समजावलंय आणि ते खरंही आहे. पण त्या रात्री आम्हाला कुणी अडवलं नव्हतं हेही खरं आहे. दगड आला नाही, पोलीस आला नाही. कडी आतूनच लागली होती. भीतीने त्या रात्री आमच्या घरी दोन कामं एकदम केली. आजाराला स्वतःचा चेहरा दिला, म्हणजे आम्हाला तो ओळखू येईना, आणि रस्ता बंद केला. पावणेतीनशेच्या त्या आकड्यात अण्णा नाहीत. असे किती अण्णा, किती बाळंतिणी, किती तापाने फणफणलेली पोरं त्या आठवड्यात घरात राहिली असतील, याचा आकडा कुणापाशीच नाही.

यानंतरची भिवंडीची गोष्ट मला सांगायला आवडते, कारण ती वेगळ्या वळणाने गेली. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आमच्याकडे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एकेका वस्तीत हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडची साधी माणसं, दुकानदार, शिक्षक, मागवाले, बायका. महिन्यातून ठरलेल्या दिवशी पोलिसांबरोबर बसायचं. नळाचं पाणी, गटार, भांडण, काहीही असो, तिथे बोलायचं. आम्ही सुरुवातीला हसलो होतो. पण डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जिचं नाव दंगलीचं दुसरं नाव म्हणून घेतलं जायचं, ती भिवंडी! खोपडेंनी पुढे यावर मराठीत पुस्तकही लिहिलं.

लोक या कमिट्यांविषयी बोलताना दंगल झाली नाही एवढंच बोलतात. मला त्यातली दुसरी एक छोटी गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्या भागातल्या एका बैठकीत मी उठून विचारलं होतं, "रात्री कुणी आजारी पडलं तर?" मग एका वहीत नावं लिहिली गेली. कुणाकडे गाडी आहे, कुणाकडे फोन आहे, चौकीवर कुणाला ओळखतात, रात्री कुणाचं दार वाजवलं तर चालेल. वहीत नावं दोन्हीकडची होती. ती वही फारशी वापरावी लागली नाही. पण त्या डिसेंबरात माझ्या डोक्यात ती होती, आणि त्यामुळे दाराच्या कडीकडे बघून माझ्या पोटात गोळा आला नाही.

मग नव्या शतकात भीतीचं रूप बदललं. डिसेंबर २००२ ते ऑगस्ट २००३ या काळात घाटकोपर, मुंबई सेंट्रल, विलेपार्ले, मुलुंड, गेटवे, झवेरी बाजार असे एकामागून एक स्फोट झाले. मुलुंडला लोकलमध्ये झाला तेव्हा तर ठाणे-कल्याणची माणसं हादरली. यातल्या काही स्फोटांच्या खटल्यात आमच्याच तालुक्यातल्या पडघ्याची काही नावं पुढे आली आणि २०१६ मध्ये काहींवर गुन्हा शाबीतही झाला. गुन्हा केला त्याला शिक्षा झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण नाव येतं चारजणांचं आणि पत्ता होतो लाख माणसांचा. कुठेही पत्ता सांगताना "भिवंडी" म्हटलं की समोरच्याची मान वर होते, हे आम्ही सगळ्यांनीच अनुभवलंय. माझ्या मुसलमान विद्यार्थ्यांनी जरा जास्त.

२००६ च्या जुलैमध्ये तर आठवडाभरात दोन आघात झाले. ५ जुलैला कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली आणि त्यानंतर दोन पोलीस शिपाई मारले गेले. गाव त्यातून सावरायच्या आत ११ जुलैला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही. सायझिंगमध्ये कामाला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावून वाफेने तापलेल्या सिलिंडरवर सुकवतात, त्या कारखान्याला आमच्याकडे सायझिंग म्हणतात. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. फडकं सोडलं तर वास आला. वाफेच्या नळीने भाजलं होतं, त्याला तीन दिवस झाले होते, वर टूथपेस्ट थापलेली.

"अरे, दवाखान्यात का नाही गेलास?"

"सर, भाजलंय. केस पेपरवर माझं नाव लिहितील, भिवंडी लिहितील आणि भाजलंय असं लिहितील. पोलीस केस होणार. या दिवसांत मला परवडेल का सर?"

मला आधी हसू आलं आणि मग ते तोंडातच विरलं. कारण त्याच्या विचारात खोट काढता येत नव्हती. भाजलेल्या रुग्णाची इस्पितळात पोलीस केस म्हणून नोंद होते, ती पद्धतच आहे. एरवी त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण त्या आठवड्यात त्या मुलाला त्या एका ओळीत आपलं सगळं आयुष्य अडकलेलं दिसत होतं. अण्णांसारखंच. त्यालाही कुणी अडवलं नव्हतं. त्याची कडीही आतूनच लागली होती.

मी त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी "कसं भाजलं?" म्हणून विचारलं, तर तो माझ्याकडे बघायला लागला. मीच सांगितलं, "सायझिंगमध्ये. माझा विद्यार्थी आहे." जखम धुतली, मलमपट्टी झाली, औषधं सुरू झाली. हात वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ राहिली. तीन दिवस आधी आला असता तर कदाचित राहिली नसती. तो आता दुकान चालवतो. ईदला शिरखुर्मा घेऊन येतो तेव्हा डबा डाव्या हाताने पुढे करतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमी माणसावर आधी उपचार करायचे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर ही जबाबदारी आहे. जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्या परक्या माणसालाही त्रास देऊ नये, यासाठी पुढे न्यायालयाने नियम घालून दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. हे सगळं चांगलं आहे, हवंच आहे. पण कायदा दवाखान्याच्या आतला रस्ता साफ करतो. घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता माणूस दुसऱ्या माणसाच्या भरवशावर चालतो.

आणि तो भरवसा मी पाहिलेला आहे, नुसता बोलत नाही. त्याच ११ जुलैला रुळांकाठच्या झोपडपट्ट्यांतली माणसं रुग्णवाहिकेची वाट बघत बसली नाहीत. घरातल्या चादरी आणून त्यांनी त्यात जखमींना उचललं, रिक्षात, टॅक्सीत, मिळेल त्या गाडीत घातलं आणि जवळच्या इस्पितळात पोहोचवलं. रक्त द्यायला रांगा लागल्या. पुढचा स्फोट कुठे होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. भीती त्यांनाही वाटत असणारच. पण शेजारी दुसरा माणूस चादरीचं टोक धरून उभा होता.

२६ नोव्हेंबर २००८ ला तर अतिरेकी इस्पितळातच घुसले. सीएसटीजवळचं कामा रुग्णालय बायका-मुलांचं, १८८६ पासूनचं. तिथले दोन पहारेकरी मारले गेले. त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गरोदर बायकांना एका सुरक्षित खोलीत हलवलं, दारं लावून घेतली. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला आधार देत, भिंतीच्या कडेकडेने प्रसूतीच्या खोलीत नेलं. पुढे त्यांनी कोर्टात कसाबला ओळखलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या. आणि त्याच रात्री पकडलेल्या जखमी कसाबला नायर रुग्णालयात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावरही उपचार केले. दवाखान्याचं दार कुणासाठी उघडं असावं, याचं याहून मोठं उत्तर मला तरी ठाऊक नाही.

शेवटची आठवण अतिरेक्यांची नाही, कोरोनाची आहे. पण भीती तीच. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्याकडे लोक ताप लपवत होते. इस्पितळात नेलं की माणूस परत येत नाही, घराला सील ठोकतात, अशा अफवा होत्या. तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत कार्यकर्त्यांनी ऑक्सिजनची सोय केली, फुकट, कोणत्याही धर्माच्या माणसासाठी. उपचार काही इस्पितळापेक्षा मोठे नव्हते. पण इस्पितळाचं नाव काढल्यावर जी माणसं आतून कडी लावत होती, ती ओळखीच्या दारात गेली. मला १९९२ ची ती वही आठवली.

आता वय झालंय. रात्री कधी छातीत कळ आली तर आमची ही लगेच उठून बसते. आमच्या घरात एक नियम आहे, तो मी सुनेला आणि मुलालाही सांगून ठेवलाय. "घाबरलेत, झोपू द्या" हे वाक्य आपल्या घरात बोलायचं नाही. घाबरलेलं माणूस आधी डॉक्टरला दाखवायचं. नुसती भीतीच निघाली तर हसत घरी यायचं, नानांसारखं. ओशाळायचं काही कारण नाही. आणि बाहेर काही पेटलेलं असेल, टीव्हीवर काहीही दाखवत असतील, तर एकट्याने कडीपाशी उभं राहायचं नाही. शेजाऱ्याचं दार वाजवायचं. त्यासाठी शेजाऱ्याशी आधीपासून बोलणं असावं लागतं, हे ओघाने आलंच.

आज संध्याकाळी नातवाला पुन्हा जवळ बसवलं. म्हटलं, "परवा तुला चुकीचं सांगितलं. अण्णा झोपेत गेले नाहीत, जागे होते. त्यांना कुणी मारलं नाही. पण दंगल झाली नसती तर त्या रात्री मी दार उघडलं असतं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता उघडशील?"

"आता उघडीन," मी म्हणालो.